माझे केस आणि बाकीची मालमत्ता

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.

मी, अमिरुन्निसा हाशम हसवारे, वय सदुसष्ट, धंदा केसांची निगा राखणे, मूळ राहणार राजपुरी, तालुका मुरूड, जिल्हा रायगड, हल्ली मुक्काम जेद्दा, सौदी अरेबिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. रक्तदाब गोळीने आटोक्यात असतो. उजवा खांदा वर जात नाही, पण सही करायला खांदा वर न्यावा लागत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तर त्या माणसाचे नाव मी पहिल्याच कलमात घातले असते.

याआधीचे कोणतेही मृत्युपत्र अस्तित्वात नाही. २००३ साली नणंदेशी भांडण झाल्यावर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मी जे लिहिले होते, ते रागाच्या भरात लिहिले होते. ते कोणाला सापडल्यास फाडून टाकावे.

मालमत्ता थोडी आहे आणि तिची वाटणी शरियतने आधीच ठरवलेली आहे. एवढ्यासाठी मी कागद खराब केला नसता. हे पत्र करण्याचे कारण माझे केस आहेत. मी गेल्यावर त्यांना हात कोणी लावायचा, हे ठरवून ठेवायचे आहे. ज्या मुलीने लावावा असे मला वाटते, ती माझी नात झोया, गेली पंधरा वर्षे मला तिच्या डोक्याला हात लावू देत नाही. ते सातव्या कलमात येईल. घाई असेल त्याने थेट तिथे जावे, पण मग काही समजले नाही म्हणून तक्रार करू नये.

१. व्यवस्था. माझा मुलगा सुफियान याने सर्व पाहावे. माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, त्याच्या नावावर आहे, म्हणजे हयातीतही तोच पाहतो. त्याला मराठी अडखळत का होईना वाचता येते. झोयाला येत नाही, ती इंग्रजी शाळेत शिकली. तिला आमच्या वरच्या मजल्यावरच्या विद्याताईंनी हे सर्व वाचून सांगावे. काही गाळू नये. विद्याताई भल्या बाई आहेत, आणि भल्या माणसांना गाळून वाचायची खोड असते.

२. घर. मुरूडला बाजाराच्या मागे तीन खोल्यांचे घर माझ्या नावावर आहे. निकाहात कबूल केलेली माझ्या मेहेरची रक्कम हाशमने, म्हणजे माझ्या मरहूम नवऱ्याने, घराच्या रूपाने दिली. आमच्या कायद्याप्रमाणे मला स्वतःच्या मर्जीने एक तृतीयांशच देता येते, आणि तेही वारसाला नाही. झोया वारस नाही, कारण तिचा बाप हयात आहे, अल्लाह त्याला सलामत ठेवो. म्हणून मागची खोली झोयाला. पुढच्या दोन खोल्या, दागिने आणि बँकेत असेल ते, सुफियान आणि त्याची बहीण फरहाना यांनी शरियतप्रमाणे वाटून घ्यावे.

मागची खोली सगळ्यांत चांगली आहे असे फरहाना म्हणेल. ती बरोबर आहे. तिथे विहिरीचे गोडे पाणी नळाला येते आणि दुपारपर्यंत उजेड असतो. डोके धुवायला आणि केसांचे भाग पाडायला दोन्ही लागते, बाकी कशाला इतके लागत नाही.

ही खोली मिळण्यासाठी झोयाने काहीही करणे बंधनकारक नाही. पुढे मी तिच्याकडे जे मागितले आहे ते तिने नाकारले, तरी खोली तिचीच. हे वाक्य विद्याताईंनी दोनदा वाचावे.

३. लोखंडी कंगवा. हा मी माझी नणंद मुन्नी हिला देत आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

माझी आई राजपुरीच्या सिद्दी घरातली. आजोळचे पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून समुद्रमार्गे आले, जंजिऱ्याच्या चाकरीत राहिले, लग्ने इथेच झाली, भाषाही इथलीच झाली. केस मात्र राहिले. आईचे केस बारीक वेटोळ्यांचे, दाट, हात घातला तर बोट बाहेर यायला तयार नाही असे. माझेही तेच. आई दर गुरुवारी मला न्हाणीच्या उंबऱ्यावर बसवून, केस ओले असतानाच खोबरेल लावायची आणि टोकाकडून मुळाकडे बोटांनी गुंता सोडवायची. मग सुती चिंध्यांनी बांधून ठेवायची. मी अकरा वर्षांची असताना आई गेली. नंतर चाचीने सुक्या केसांत बारीक दातांची फणी घातली. माझे केस वाढतच नाहीत, असा समज घरात तेव्हा झाला. ते वाढत होते. जेवढे वाढत तेवढे फणीत निघत.

विसाव्या वर्षी मी हसवाऱ्यांच्या घरात आले. मुन्नी तेव्हा सोळा वर्षांची होती. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी, पाहुण्यांच्या देखत, ती म्हणाली, "भाभी आली ते बरं झालं, आता भांडी घासायला काथ्या विकत आणायला नको." सगळे हसले. मीही हसले. सासूबाईंनी त्याच आठवड्यात कोणाकडून तरी लोखंडी कंगवा आणवला. तो चुलीवर तापवायचा आणि केसांतून ओढायचा, म्हणजे केस सरळ होतात आणि घरभर जळका वास सुटतो. तो वास मी सहा वर्षे घेतला. पुढे जेद्दाला आल्यावर केस सरळ करायचे क्रीम मिळू लागले.

मुन्नी आता त्रेसष्ट वर्षांची आहे आणि तिचे केस विरळ झाले आहेत. मला याचा आनंद होत नाही. थोडा होतो. कंगवा तिच्याकडे टपालाने न पाठवता कोणीतरी हातात नेऊन द्यावा, आणि भाभीने दिला एवढेच सांगावे.

४. हाशमविषयी. त्याच्या नावे देण्यासारखे काही नाही, तो २०१६ साली गेला. तरी त्याचे कलम असले पाहिजे. तो बंदरावर क्रेनचा मेकॅनिक होता, हाताला ग्रीस आणि तोंडात गोड शब्द. घरातले कोणतेही यंत्र त्याने बिघडू दिले नाही. लग्नाचे पहिले काही दिवस सोडले, तर अडतीस वर्षांच्या संसारात त्याने माझे खरे केस पाहिले नाहीत. त्याने विचारले नाही, मी दाखवले नाही. हे नोंद म्हणून लिहायला घेतले होते, पण लिहिल्यावर वाईट वाटते आहे.

त्याच्या इद्दतीत, म्हणजे विधवेने पाळायच्या चार महिने दहा दिवसांत, साजशृंगार करायचा नसतो. म्हणून क्रीमही लावता आले नाही. मुळाशी दोन बोटे आईचे केस उगवले. पांढरे होते, पण आईचेच होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी ते आरशात पाहिले आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले, कारण सून बाहेरच्या खोलीत होती. इद्दत संपल्यावर मी सरळ भाग कापून टाकला. तेव्हापासून स्कार्फखाली काय आहे हे एका बाईखेरीज कोणाला ठाऊक नाही.

५. धंद्याचे सामान. मी बावीस वर्षे जेद्दातल्या एका मशगलमध्ये काम केले. मशगल म्हणजे इथले बायकांचे पार्लर, काळ्या काचेचे, पुरुषांना आत मज्जाव असलेले. माझे काम केस सरळ करणे. शेजारच्या टेबलावर उम्म इद्रीस नावाची सुदानी बाई होती. तिचे काम नेमके उलटे. माझ्यासारख्या केसांना ती आहे तसे सांभाळायची, वाढवायची, बारीक वेण्या घालायची. मी तिच्या टेबलाकडे बावीस वर्षे पाठ करून उभी राहिले. तिच्याकडे गिऱ्हाईक चार तास बसते आणि माझ्याकडे दीड तासात उठते, याचा मला अभिमान होता.

इद्दतीनंतर मी तिच्या घरी गेले आणि स्कार्फ सोडला. ती मशगलच्या हिंदीत म्हणाली, "मालूम था. पहले दिन से मालूम था." मी विचारले, कसे? तिने माझ्या कानशिलावर बोट ठेवले. तिथले बारीक केस क्रीमला दाद देत नाहीत म्हणे. एवढी वर्षे ती गप्प राहिली, यासाठी मी तिची ऋणी आहे. तिने मला जे शिकवले ते थोडक्यात असे. रोज धुवू नये. सुके विंचरू नये. पाणी आधी, मग तेल, म्हणजे पाणी आत राहते. या गावच्या एसीत आणि उन्हात ते टिकवणे हेच मुख्य काम. जवस उकळून त्याचा चीक लावावा. निजताना उशीवर गुळगुळीत कापड घ्यावे, सुती उशी ओल शोषून घेते. वेणी कपाळाजवळ आवळू नये. आणि धीर धरावा, कारण हे केस वाढतात तेव्हा खाली न येता आतल्या आत वळतात. ओढून पाहिले तर माझे आता खांद्याच्या खाली जातात. सुकले की कानाशी येतात. आईने हे सगळे तेल आणि चिंध्यांवर केले होते.

उम्म इद्रीस गेल्या वर्षी वारली. ती असती तर सातवे कलम लागले नसते.

सामानापैकी क्रीमच्या उरलेल्या डब्या आणि सरळ करायची दोन यंत्रे कोणालाही देऊ नयेत. मोडून टाकावीत. फिरती खुर्ची विद्याताईंना, त्यांना गॅलरीत बसायला ती आवडते. रुंद दातांचे कंगवे, तेले आणि कापडे झोयाला दिली असती, पण तिच्याकडे तिची आहेत आणि माझ्यापेक्षा चांगली आहेत. प्रेशर कुकर सून खुर्शीद हिला. पुढच्या कलमात तिचे नाव येते, पण दोष तिचा नाही, आणि कुकरचा त्याच्याशी संबंध नाही.

६. कबुली. हे कलम कोणाला काही देत नाही. २०१० साली सुफियानच्या मेहुण्याचे लग्न जेद्दात होते, शुक्रवारी संध्याकाळी हॉलमध्ये. झोया नऊ वर्षांची होती. तिचे केस अगदी माझ्यासारखे. सकाळी खुर्शीद मला म्हणाली, "अम्मी, लोक विचारतात ही कोणावर गेली. एवढं लग्नापुरतं सरळ करून द्या ना."

ती माझ्यावर गेली होती. खुर्शीदला ते ठाऊक नव्हते, कारण जेद्दात मी कोणालाच कळू दिले नव्हते. तेव्हा मी, "माझ्यावर गेली," असे म्हणायला हवे होते. तीन शब्दही लागले नसते. मी उठून क्रीमची डबी आणली.

आता कामाची पद्धत सांगते. मशगलमध्ये आमचे हातमोजे क्रीमने माखलेले असत, घड्याळाकडे बघायला सवड नसे. आम्ही वेळ मशिदीवर धरायचो. अजान झाली की क्रीम लावायला घ्यायचे. नमाज उभी राहते तेव्हा दुसरी पुकार होते, ती इकामत. ती ऐकू आली की धुवायचे. मध्ये वीस मिनिटे जात. त्या काळी नमाजच्या वेळी शटर खाली असे, तेवढ्यात एक डोके निघायचे. बावीस वर्षांत मी असे चुकले नव्हते. पण मशगल शुक्रवारी दुपारी बंद असे. शुक्रवारी अजान आणि इकामत यांच्यामध्ये खुतबा असतो, इमामचे प्रवचन, त्यामुळे इकामत बरीच उशिरा होते. इथे राहणाऱ्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. मलाही ठाऊक होते. जुम्याच्या नमाजनंतरच्या जेवणाचा पुलाव माझ्याच चुलीवर होता. पण हातांना ठाऊक नव्हते. अजान झाली, हातांनी क्रीम लावले, आणि मी पुलावाकडे वळून इकामतची वाट पाहू लागले. शिवाय लग्नघरात मुलगी न्हाल्याशिवाय बसवायची नाही म्हणून मी तिचे डोके सकाळीच शिकेकाईने खसाखसा धुतले होते. नुकत्याच धुतलेल्या डोक्याला हे क्रीम लावू नये, कातडी सोलते, असे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत असे.

झोया म्हणाली, "दादी, जल रहा है." मी म्हणाले, होतंच थोडं. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली. मी म्हणाले, इकामत होऊ दे. तिसऱ्यांदा तिने माझा पदर धरला आणि हळूच म्हणाली, "दादी, प्लीज." मी म्हणाले, सुंदर दिसायचं ना तुला? तिने पदर सोडला. खुतबा चालू होता.

धुतले तेव्हा केसांबरोबर कातडी आली. डॉक्टरांकडे नेले, पट्टी बांधली, आणि संध्याकाळी त्यावर जरीचा स्कार्फ गुंडाळून तिला लग्नाला नेले. सगळे म्हणाले किती गोड दिसते. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणाले, केस काय, पुन्हा येतात. बरेचसे आले. उजव्या कानामागे बाटलीच्या बुचाइतकी जागा आहे, तिथे आले नाहीत, असे मला खुर्शीदकडून कळले. मी स्वतः पाहिलेले नाही.

ती रागावली नाही. रागावली असती तर समजूत घालता आली असती. ती ईदला येते, सलाम करते, अंजीर आणते, माझ्या गोळ्यांची चौकशी करते. पण माझ्यासमोर स्कार्फ काढत नाही. घरात, बायकाबायकांत, कोणी डोके बांधून बसते का? अठराव्या वर्षी तिने, तोवर बाहेर सरळ करून घेत असलेले, केस मुळापासून कापले आणि उम्म इद्रीसकडे शिकायला गेली. मी ज्या बाईकडे पाठ केली होती तिच्याकडेच. आता ती इथून साडेतीन तासांवरच्या यान्बूला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, हेल्मेटखाली मावतील अशा वेण्या घालते, आणि सुट्टीच्या दिवशी तिकडच्या मुलींची डोकी सांभाळते. तिचा हात फार हलका आहे म्हणतात. मला अनुभव नाही.

मी माफी मागितलेली नाही. इथे मागते. झोया, तू तीनदा सांगितलेस आणि मी ऐकले नाही. "केस काय, पुन्हा येतात," हे माझे वाक्य मी परत घेते.

७. केस. आम्ही शाफई पंथाचे. आमच्याकडे मय्यत बाईचे केस गुस्लच्या, म्हणजे दफनाआधीच्या अंघोळीच्या, वेळी सोडतात, धुतात, रुंद दातांच्या कंगव्याने हलके विंचरतात आणि तीन वेण्या घालून मागे सोडतात. विंचरताना तुटलेला केस कफनातच ठेवतात. गुस्ल देणाऱ्या बाया नेक असतात, पण त्यांच्या हाताला माझे केस ठाऊक नाहीत. त्या गुंता पाहतील आणि ओढतील. अकराव्या वर्षापासून अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत माझे केस ओढले गेले, त्यातली बरीच वर्षे माझ्याच हाताने. आता पुन्हा नको.

म्हणून, माझ्या गुस्लच्या वेळी केस झोयाने सोडावेत आणि तिनेच वेण्या घालाव्यात, तिची इच्छा असल्यास. बोरीच्या पाल्याचे पाणी कोमट असावे. डोक्याचे चार भाग पाडावेत. कसे करायचे हे मी तिला सांगणार नाही, तिला येते.

तिची इच्छा नसल्यास कोणी तिला एका शब्दाने विचारू नये. मग केसांवर फक्त पाणी सोडावे, जमेल तशा तीन वेण्या बांधाव्यात, आणि कंगवा लावूच नये.

८. दफन जेद्दातच. मला मुरूडला नेण्याचा खटाटोप करू नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला आहे. तो माझाच आहे. शुद्धलेखन विद्याताईंनी सुधारले, मजकुराला हात लावला नाही, लावावासा वाटत होता तरी.

सही: अमिरुन्निसा हाशम हसवारे
साक्षीदार: १. विद्या बाळकृष्ण देवळालकर, मूळ राहणार नाशिक
२. बाळकृष्ण देवळालकर, इंजिनिअर, मूळ राहणार नाशिक
जेद्दा, शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

पुरवणी

सातव्या कलमातील "तिची इच्छा असल्यास" हे शब्द आणि त्याखालचा परिच्छेद मी आज खोडला आहे. खोडलेल्या जागी आम्हा तिघांच्या सह्या आहेत. कारण पुढीलप्रमाणे.

मी गेल्यावरच वाचून दाखवायचे असे मी विद्याताईंना सांगितले होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी झोयाला फोन करून सगळे वाचून दाखवले. आधी मी चिडले. विद्याताई म्हणाल्या, "भाभी, तुम्ही मला गाळू नको म्हणालात. थांब असं कुठं म्हणालात?" आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

झोया म्हणाली, "दादी, ये नहीं हो सकता मुझसे."

मी म्हणाले, ठीक आहे बेटा.

"सुनो तो. मैंने तुम्हारे बाल कभी देखे ही नहीं. कितने घने हैं, कहाँ से टूटते हैं, कुछ पता नहीं मुझे. तब पहली बार हाथ लगाऊँगी, और दुखेगा तो तुम बोल भी नहीं पाओगी." मग तिने नाक ओढले आणि तिच्या प्रयोगशाळेतल्या आवाजात म्हणाली, "सॅटर्डे को आती हूँ. तेल मत लगाना, खाली पानी."

आज ती यान्बूहून स्वतः गाडी चालवत आली. अंजीर आणले नाहीत. माझा स्कार्फ सोडण्याआधी तिने स्वतःचा सोडला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. खुर्शीद दारात उभी होती. तिने एकदा माझ्या डोक्याकडे पाहिले, एकदा झोयाच्या, आणि तोंडावर हात ठेवला. उजव्या कानामागची जागा मी पाहिली. बुचाहून मोठी आहे.

काम तीन तास चालले. झोयाने डोक्याचे चार भाग पाडले, टोकाकडून सुरुवात केली, आणि दर वेळी विचारत राहिली, "दुखता है?" मी नाही म्हणत होते, आणि ते खरे होते. मानेजवळ एका जागी गुंता होता, तिथे मी हो म्हणाले. तिने ताबडतोब हात उचलला.

सही: अमिरुन्निसा हाशम हसवारे
साक्षीदार: विद्या बाळकृष्ण देवळालकर, बाळकृष्ण देवळालकर
जेद्दा, शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५